छोटे विमान घेताना... कौल उजव्या आसनाचा!

स्वतःचे विमान म्हटले, की आपल्याकडे उद्योगपती आणि चित्रपटतारे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत चित्र निराळे आहे. तेथे खासगी, प्रशिक्षणाच्या आणि किरकोळ कामांच्या लहान विमानांची संख्या २ लाखांच्या वर आहे. सार्वजनिक वापराला खुले असलेले विमानतळ सुमारे ५ हजार असून, त्यांपैकी नियमित प्रवासी विमानसेवा मिळते ती जेमतेम ५०० विमानतळांना. उरलेल्या गावी जायचे तर मोटारीने दिवसभर रस्ता कापावा, नाहीतर एका इंजिनाच्या छोट्या विमानाने उडून जावे. मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडली, कर्जे फिटली, की डॉक्टर, अभियंते, शेतकरी, दुकानदार अशा पेशांतली अनेक जोडपी जुने का होईना, पण आपले विमान घेण्याचा विचार करू लागतात. सुट्टीच्या दिवशी दोघांनी उडावे, नातवंडांना भेटून यावे, हे त्यामागचे साधेसुधे स्वप्न.

विमानाचा शोध सुरू झाला, की घरातला वैमानिक, मग तो पती असो वा पत्नी, आकडेमोडीत बुडून जातो. वेग किती, पल्ला किती, इंजिनाचे किती तास झाले, ताशी इंधन किती लागते, याचे तक्ते तयार होतात. या तक्त्यांत एक रकाना बहुधा नसतो, आणि तो म्हणजे उजव्या आसनाचा. छोट्या विमानात वैमानिक सहसा डावीकडे बसतो आणि जोडीदार उजवीकडे. वैमानिकाचे मन उड्डाणात रमलेले असते. त्याला गोंगाट, उकाडा, अवघडलेले गुडघे यांची शुद्ध नसते. उजवीकडच्याला मात्र प्रत्येक मिनिट मोजून काढावे लागते. मग पहिल्या वर्षी दोघांचे असलेले विमान दुसऱ्या वर्षी एकट्याचे होते आणि तिसऱ्या वर्षी हँगरमध्ये धूळ खात उभे राहते. विमान दोघांसाठी घ्यायचे असेल, तर केबिनमधली सोय हा शेवटी पाहण्याचा नव्हे, तर सर्वांत आधी पाहण्याचा विषय ठरतो. शिवाय ही सोय म्हणजे निव्वळ चैन नव्हे. थकवा, प्राणवायूची कमतरता, दूषित हवा या गोष्टी आधी गैरसोयीच्या रूपाने जाणवतात आणि नंतर अपघाताच्या.

न बोललेली तक्रार

या प्रश्नाचे जुने आणि बोलके उदाहरण एका जगप्रसिद्ध दांपत्याचे आहे. चार्ल्स लिंडबर्ग आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी २० एप्रिल १९३० रोजी लॉकहीड सिरियस या विमानातून लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर १४ तास ४५ मिनिटांत कापून विक्रम केला. आसने एकामागे एक होती. ॲन दिशादर्शनाचे काम करीत होत्या आणि त्या वेळी त्यांना सातवा महिना होता. शेवटच्या काही तासांत उंची आणि इंधनाचा वास यांनी त्या हैराण झाल्या. तरी विक्रमात आपल्यामुळे खंड पडू नये म्हणून त्या गप्प राहिल्या. पुढच्याच वर्षी ॲन यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला आणि दोघांनी याच विमानाने जपान व चीनपर्यंत मजल मारली. विक्रमासाठी सोसलेले हे मौन इतिहासात शोभून दिसते. शनिवार-रविवारच्या सहलीत मात्र ते घातकच. बरोबरच्या माणसाला गुदमरते आहे, हे वैमानिकाला कळायलाच हवे, आणि त्याहून बरे म्हणजे तशी वेळच येऊ न देणारे विमान निवडायला हवे.

त्याच काळात दुसऱ्या एका दांपत्याने विमानाच्या केबिनकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. वॉल्टर आणि ऑलिव्ह ॲन बीच यांनी १९३२ मध्ये, ऐन मंदीत, कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात कंपनी काढली. त्यांचे पहिले विमान ‘स्टॅगरविंग’ या नावाने ओळखले गेले. उघड्या कॉकपिटमध्ये बोचरा वारा सोसत उडण्याचे ते दिवस. पण या विमानाची केबिन बंदिस्त, ऐसपैस आणि उंची कापडाने व चामड्याने सजवलेली होती. आरामदायी विमान संथ असणार, हा समजही त्याने खोटा ठरवला. १९३६ ची मानाची बेंडिक्स शर्यत लुईस थेडन आणि ब्लांश नॉइस या दोन महिलांनी याच विमानातून जिंकली. वेग आणि आराम यांचे वैर नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. फक्त दोन्हींची किंमत मोजावी लागते, एवढेच.

इंचाइंचाचा हिशेब

केबिनची पहिली कसोटी म्हणजे रुंदी. जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान म्हणजे सेसना १७२. हे १९५६ पासून बाजारात असून आजवर ४४ हजारांहून अधिक बनले आहेत. त्याच्या केबिनची रुंदी सुमारे १०० सेंटिमीटर, म्हणजे दोघांना प्रत्येकी ५० सेंटिमीटर. अंगाने भरलेल्या माणसाचे खांदेच तेवढे रुंद असतात. ‘मारुती ८००’मध्येही पुढच्या दोघांना याहून मोकळे बसता येत असे. प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी दोन आसनी सेसना १५२ तर सुमारे ९५ सेंटिमीटरच रुंद आहे. तीत दोन धिप्पाड माणसे बसली, तर एकाला हात दुसऱ्याच्या आसनामागे टाकावा लागतो. पायपर चेरोकी सुमारे १०५, बीचक्राफ्ट बोनान्झा १०७ आणि मूनी ११० सेंटिमीटर रुंद. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारीसारखी केबिन समोर ठेवून आलेल्या सिरसच्या विमानांत ही रुंदी १२४ सेंटिमीटरवर गेली. कागदावर हा फरक वीतभराचा दिसतो. पण तीन तासांच्या प्रवासात खांद्याला खांदा घासत बसणे आणि मध्ये कोपर टेकवायला जागा असणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नुसत्या रुंदीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. मूनी हे वेगासाठी नावाजलेले विमान बोनान्झाहून किंचित रुंदच आहे. तरी ते अरुंद असल्याचा बोलबाला आहे, कारण त्याचे छत कमी उंचीचे आहे. त्यात शर्यतीच्या मोटारीसारखे पाय लांब पसरून, जमिनीलगत बसावे लागते. काहींना ही बैठक अतिशय सुखाची वाटते. तर पाठदुखी किंवा गुडघेदुखी असलेल्यांना उठताना धाप लागते. बोनान्झात याउलट खुर्चीवर बसल्यासारखे ताठ बसता येते. बुटक्या व्यक्तीला समोरच्या फलकावरून बाहेरचे दिसते की नाही, हेही महत्त्वाचे. क्षितिज दिसत नसेल, तर उलटीची भावना लवकर येते. आसनाची उंची कमी-जास्त करता येते का, पाठ मागे झुकते का, गादी मांडीखाली पुरेशी पोहोचते का, हे बसूनच पाहावे लागते.

आसने शेजारी-शेजारी असावीत की मागे-पुढे, हाही जोडप्यांपुढचा जुना प्रश्न आहे. पिवळ्या रंगाच्या सुप्रसिद्ध पायपर कबमध्ये आसने एकामागे एक आहेत. दोघांनाही दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळतात आणि विमान निमुळते राहते. पण हातात हात देता येत नाही, नकाशा एकत्र पाहता येत नाही आणि चेहरा दिसत नसल्याने दुसऱ्याचे काय चालले आहे ते कळत नाही. स्वतः जुळणी करण्याच्या विमानांसाठी गाजलेल्या अमेरिकेतील व्हॅन्स कंपनीची आरव्ही-४ मागे-पुढे आसनांची होती. नंतर आलेली शेजारी-शेजारी आसनांची आरव्ही-६ त्याहून कितीतरी लोकप्रिय ठरली. दोघांनी मिळून उडायचे, तर शेजारी बसूनच, असा बहुतेकांचा कौल दिसतो.

दार कोणाच्या बाजूला?

दालनात उभ्या असलेल्या विमानाकडे पाहताना दाराचा विचार सहसा कोणी करीत नाही. पायपर चेरोकीला पुढे एकच दार आहे, तेही उजवीकडे, पंखाच्या वर. म्हणजे आधी पंखावर चढायचे, मग वैमानिकाने उजव्या आसनावरून सरकत डावीकडे जायचे आणि त्यानंतर जोडीदाराने आत शिरून दाराच्या कड्या लावायच्या. उतरताना क्रम उलटा. आणीबाणीच्या वेळी उजवीकडची व्यक्ती बाहेर पडल्याशिवाय वैमानिक बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे कड्या कशा उघडतात, हे तिला अंधारातही ठाऊक असले पाहिजे. बोनान्झालाही पुढे एकच दार आहे आणि मूनीला दुसरे दार मिळाले ते अगदी अलीकडच्या नमुन्यांत. सेसना १७२ ला आणि सिरसला दोन्ही बाजूंना दारे आहेत. सेसनाचे पंख डोक्यावर असल्याने मोटारीत बसावे तसे आत बसता येते, पावसात आडोसा मिळतो आणि उन्हात सावली. साठीच्या पुढच्या जोडप्याला, साडी किंवा लांब झगा नेसणाऱ्या व्यक्तीला, किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला हा फरक वेगाच्या दहा-वीस किलोमीटरपेक्षा मोलाचा वाटेल.

गोंगाटाचे गणित

केबिनमधला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आवाज. एका इंजिनाच्या विमानात तो साधारणपणे ८५ ते ९५ डेसिबलच्या घरात असतो. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास सोसण्यास हरकत नाही; मात्र दर ३ डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते. त्या हिशेबाने ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ डेसिबलला अवघा १ तास. म्हणजे कानांना संरक्षण न देता केलेला तीन तासांचा प्रवास जाऊन-येऊन कानांचे नुकसानच करतो. ऐकू कमी येणे ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी येतो तो थकवा. विमानातून उतरल्यावर डोके जड होणे, चिडचिड होणे, संध्याकाळी कोणाशी बोलावेसे न वाटणे, या साऱ्यांचे मूळ बहुधा या सततच्या घरघरीत असते.

यावर उत्तर सापडले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका भारतीय वंशाच्या संशोधकाला जाते. बंगाली पित्याचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस यांना १९७८ मध्ये युरोपातून अमेरिकेला परतताना विमानातील हेडसेटवर संगीत नीट ऐकू येईना. त्यांनी त्याच प्रवासात गणित मांडायला घेतले. आवाजाच्या लहरीवर अगदी उलट लहर सोडली, तर दोन्ही एकमेकींना खोडतात, हे त्यामागचे तत्त्व. डिक रुटान आणि जीना येगर यांनी डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत इंधन न भरता ‘व्हॉयेजर’ विमानाने ९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. जेमतेम एक मीटर रुंद केबिनमध्ये कोंडून घेतलेल्या या दोघांच्या कानांचे रक्षण बोस यांच्या प्रायोगिक हेडसेटनी केले. १९८९ मध्ये असा हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आला. आज तो अनेक कंपन्यांचा मिळतो.

येथेही उजव्या आसनावर अन्याय होतो, तो असा, की वैमानिक स्वतःसाठी उत्तम हेडसेट घेतो आणि जोडीदाराला जुना, डोके आवळणारा देतो. खरे तर उलट करायला हवे. दोघांचे हेडसेट एकाच दर्जाचे असावेत, हा छोट्या विमानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे. दारांच्या कडांना लावलेले रबर जीर्ण झाले असेल, तर ते बदलल्यानेही वाऱ्याची शिट्टी थांबते. पंख्याचा तोल तंत्रज्ञाकडून साधून घेतल्यास अंगात भिनणारी थरथर कमी होते. जुन्या विमानाला ‘गोंगाटाचे’ म्हणून नाकारण्यापूर्वी हे उपाय विचारात घ्यावेत.

ऊब, गारवा आणि श्वास

दर हजार फुटांना तापमान सुमारे २ अंश सेल्सियसने उतरते. उन्हाळ्यात धावपट्टीवर भट्टी झालेली केबिन अर्ध्या तासात ८ हजार फुटांवर सुखद होते. पण त्या आधीची वीस मिनिटे जोडीदाराच्या मनावर कोरली जातात. बहुतेक जुन्या छोट्या विमानांत वातानुकूलन नसते. नंतर बसवले, तर त्याचे वजन सामानातून वजा होते. काचेचे घुमटाकार छत असलेल्या विमानांतून आकाश सुरेख दिसते. मात्र कडक उन्हात त्यांचे काचघर होते. ॲरिझोना-टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी आणि मिनेसोटात राहणाऱ्यांनी एकाच विमानाला एकच गुण देणे म्हणूनच शक्य नाही.

हिवाळ्यात प्रश्न उलटा. या विमानांतील हीटर इंजिनाच्या तापलेल्या धूरनळीभोवतालची हवा केबिनमध्ये सोडतो. पुढे बसलेल्यांची पावले भाजतात आणि खिडकीकडचा खांदा गारठतो, ही नेहमीची तक्रार. त्याहून गंभीर धोका आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. धूरनळीला चीर गेली, तर हा विषारी वायू उबदार हवेबरोबर आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी आणि गुंगी हीच त्याची खूण; आणि ती तर प्रवासाच्या शिणवट्यासारखीच वाटते. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन जाणारे पायपर मालिबू विमान २१ जानेवारी २०१९ रोजी इंग्लिश खाडीत कोसळले. ब्रिटिश अपघात तपास विभागाच्या २०२० मधील अहवालानुसार सालाच्या रक्तात या वायूचे प्रमाण अतिशय घातक होते आणि वैमानिकालाही त्याची बाधा झालेली असण्याची दाट शक्यता होती. पाहणीच्या वेळी धूरनळीची तपासणी आणि केबिनमध्ये मोठ्याने इशारा देणारे यंत्र या दोन गोष्टींवर म्हणूनच घासाघीस करू नये. ‘आज डोके दुखते आहे,’ हे जोडीदाराचे वाक्य छोट्या विमानात तक्रार म्हणून ऐकायचे नसते. इशारा म्हणून ऐकायचे असते.

उंचीबद्दलही हेच. अमेरिकी नियमांनुसार १२,५०० ते १४ हजार फुटांदरम्यान अर्ध्या तासाहून अधिक काळ उडायचे असेल, तर वैमानिकाने प्राणवायू घेणे सक्तीचे आहे. १४ हजारांच्या वर तो सतत घ्यावा लागतो. प्रवाशांना तो उपलब्ध करून देण्याचे बंधन मात्र १५ हजार फुटांच्या वर सुरू होते. कायद्याची नजर वैमानिकावर आहे, हे योग्यच. पण उजवीकडच्याची फुप्फुसे काही निराळी नसतात. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असलेल्याला १० हजार फुटांवरही अस्वस्थ वाटू शकते. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे उपयोगी पडते. रॉकी पर्वत वारंवार ओलांडायचा असेल आणि नाकात नळी घालणे नको असेल, तर केबिनमध्ये हवेचा दाब राखणारे विमान हा पर्याय आहे. १९८० च्या दशकात आलेले मालिबू हे अशांपैकी प्रसिद्ध विमान. ते २५ हजार फुटांवर असताना आत ८ हजार फुटांइतका दाब राहतो. अर्थात, किंमत आणि देखभाल दोन्ही त्या उंचीला साजेशी!

हेलकावे, वजन आणि वेळ

दुपारी जमीन तापली, की हवेचे प्रवाह उसळतात आणि छोटे विमान होडीसारखे डुलू लागते. हे डुलणे किती जाणवेल, ते मुख्यतः पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने विमान किती जड आहे, यावर ठरते. सेसना १७२ च्या पंखावर दर चौरस मीटरला सुमारे ७० किलो भार येतो. सिरस एसआर-२२ च्या पंखावर सुमारे १२० किलो. पहिले पतंगासारखे झुलते, तर दुसरे धक्के कापत जाते. याची दुसरी बाजू अशी, की अधिक भाराच्या पंखाला उतरताना अधिक वेग लागतो, त्यामुळे लांब धावपट्टी आणि सरावलेला हात हवा. व्ही आकाराच्या शेपटीच्या जुन्या बोनान्झा खडबडीत हवेत शेपूट हलवतात. ते पुढच्यांना थोडे आणि मागच्यांना बरेच जाणवते. विमान कोणतेही असो, सकाळी लवकर निघणे हा निम्मा उपाय आहे.

वेग हाही आरामच, पण त्याचे मोल हिशेबाने करावे. ७०० किलोमीटरचे अंतर ताशी २२५ किलोमीटर वेगाची सेसना १७२ सुमारे ३ तास ६ मिनिटांत कापते. ताशी ३३० च्या वेगाची एसआर-२२ सुमारे २ तास ७ मिनिटांत. म्हणजे बचत एका तासाची. छोट्या विमानात स्वच्छतागृह नसते, हे लक्षात घेतले, तर हा तास कधीकधी फार मोठा असतो. परंतु दोन तासांनी वाटेतल्या विमानतळावर उतरून, पाय मोकळे करून, चहा-कॉफी घेऊन पुढे निघायची तयारी असेल, तर संथ विमानही दोघांना दूरवर नेते. टाकीत पाच तासांचे इंधन मावते, म्हणून पाच तास उडावे, असे कोणी सांगितलेले नाही.

जोडप्याला चार आसनांचे विमान कशासाठी, असे विचारले जाते. उत्तर वजनात आहे. अलीकडच्या सेसना १७२ मध्ये माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलो नेता येतात. भरलेल्या टाकीचे सुमारे २०० लिटर इंधन म्हणजे जवळजवळ १४५ किलो. दोघांचे मिळून १५० किलो धरले, तर सामानाला १०० किलो उरतात. त्यातही मागच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलोंची. म्हणजे चार आसने असली, तरी भरल्या टाकीने ते दोघांचे आणि त्यांच्या सामानाचेच विमान आहे. मागची आसने ही जोडप्याची खरी चैन : तेथे गरम कपडे, खाण्याचा डबा, उशी हाताशी ठेवता येते. दोन आसनी विमानात हेच सामान मांडीवर घ्यावे लागते. वजन मर्यादेत असले, तरी ते कोठे ठेवले यावर विमानाचा तोल ठरतो, हे विसरून चालत नाही.

मनाची सोय

गादी मऊ असली आणि मनात धास्ती असली, तर आराम वाटत नाही. ‘तुला काही झाले तर मी काय करायचे?’ हा प्रश्न उजव्या आसनावरच्या प्रत्येकाच्या मनात असतो. विचारला जातो क्वचित. सिरसच्या यशात मोठा वाटा आहे तो या प्रश्नाच्या उत्तराचा. तिच्या छतात एक मूठ असते. ती ओढली, की अख्खे विमान पॅराशूटला लटकत खाली येते. २००२ मध्ये तिच्यामुळे पहिल्यांदा प्राण वाचले. त्यानंतर २०२० मध्ये पायपर एम-६०० या टर्बोप्रॉप विमानात, तर २०२५ मध्ये सिरसच्या एका इंजिनाच्या पिस्टन विमानांत, एक कळ दाबताच विमान स्वतःहून योग्य धावपट्टी निवडून उतरण्याची व्यवस्था उपलब्ध झाली. ही यंत्रणा महाग आहे आणि बहुतेक जोडपी घेतात त्या जुन्या विमानांत ती नसते.

तेथे दुसरा मार्ग आहे, शिकण्याचा. परवाना नसलेल्या सोबत्याला रेडिओवर मदत कशी मागावी, विमान सरळ कसे ठेवावे आणि वेळ आलीच तर ते जमिनीवर कसे टेकवावे, हे शिकवणारा ‘पिंच हिटर’ नावाचा छोटा अभ्यासक्रम अमेरिकेतील वैमानिक-मालकांच्या संघटनेने लोकप्रिय केला. त्यामुळे प्रवासी हा सहप्रवासी होतो. नकाशा पाहणे, रेडिओ बदलणे, आकाशात इतर विमानांवर नजर ठेवणे अशी कामे हाती आली, की भीतीबरोबर कंटाळाही निघून जातो. त्यासाठी उजव्या बाजूलाही नियंत्रणे, पाहता येईल असा फलक आणि बोलण्यासाठी बटण आहे ना, हे विमान निवडतानाच पाहायला हवे.

पारख कशी करावी?

विमान पसंत करायला दोघांनी जावे. हँगरमध्ये दहा मिनिटे बसून निर्णय घेऊ नये. त्याच जातीचे विमान भाड्याने घेऊन किमान दोन तासांचे उड्डाण करावे. तेही सकाळच्या शांत हवेत नव्हे, तर दुपारच्या तापलेल्या हवेत. दोघांनी आपापले हेडसेट लावावेत, नेहमी नेतो तेवढे सामान न्यावे. अनुभवी प्रशिक्षकाला डावीकडे बसवून घरच्या वैमानिकाने तासभर उजवीकडे बसावे. अनेक गोष्टींचा उलगडा तेथेच होतो. उतरल्यावर लगेच मत विचारू नये. दुसऱ्या दिवशी दोघांनी स्वतंत्रपणे तीन-तीन त्रुटी कागदावर लिहाव्यात. त्यांतल्या पैशांनी सुधारणाऱ्या कोणत्या आणि विमानाच्या सांगाड्यातच असलेल्या कोणत्या, हे मग वेगळे काढावे. हेडसेट, गाद्या, दाराचे रबर, हवेचे झरोके बदलता येतात. केबिनची रुंदी, छताची उंची आणि दाराची जागा बदलता येत नाही. ज्यांवर पैसा चालत नाही, त्यांवर नकाराचा अधिकार दोघांनाही समान असावा.

भारतात छोट्या खासगी विमानांची ही संस्कृती रुजली नाही. खर्च, इंधनाची उपलब्धता आणि विमानतळांची वानवा ही त्याची कारणे. तरी तिची चाहूल मुंबईने फार लवकर घेतली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान बंदिस्त केबिनचेच होते. आज बारामती, धुळे, गोंदिया येथे मराठी मुले-मुली अशाच छोट्या विमानांवर शिकतात, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबालाही हा प्रश्न व्यवहारातला वाटू लागतो. त्यांच्यासाठी तात्पर्य एवढेच, की विमानाचा वेग वैमानिक ठरवतो, पण ते किती वर्षे उडेल, हे शेजारी बसणारी व्यक्ती ठरवते. खरेदीपूर्वी तिच्या आसनावर दोन तास बसून पाहणे, याहून स्वस्त विमा दुसरा नाही.